विषय : पुस्तकात आठवा फॉर्म नसल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

हंगेरीतल्या राकोत्सी उठावावर आपण छापलेलं ६५० रुपयांचं पुस्तक मी आपल्याच ॲपवरून मागवलं. त्यात पान ९७ ते ११२ हा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांचा जुडगा, दोनदा शिवलाय आणि ११३ ते १२८ हा फॉर्मच नाही. बाइंडरकडे गठ्ठे उचलताना असं होतं, हे मला कळतं. माझी काही वर्षं छापखान्यात गेली आहेत. पण गेला तो नेमका कुठला फॉर्म, ते बघा.

पान ११२ वर १७०८ चा ऑगस्ट चालू आहे. ट्रेन्चेनजवळ, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियात वाह नदीच्या काठी, हंगेरीवर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याच्या बादशहाचा सेनापती हाइस्टर उभा आहे. त्याची फौज कमी, उठावाचा नेता राकोत्सी याच्या कुरुत्सांची, म्हणजे बंडखोरांची, जास्त. राकोत्सी घोड्याला टाच मारतो, समोर चर येतो, घोडा उडी घेतो आणि पान संपतं. उलटलं की पुन्हा ९७. पुन्हा १७०७ ची ओनोदची सभा, पुन्हा हॅब्सबर्गांना गादीवरून उतरवल्याची घोषणा, पुन्हा तांब्याच्या नाण्यांची किंमत घसरल्याचं रडगाणं. सोळा पानांनी घोडा परत उडी घेतो. खाली एकदाही येत नाही. मग थेट पान १२९. तिथे ओच्काय लास्लो हा राकोत्सीचा नावाजलेला सरदार शत्रूला जाऊन मिळालेला असतो.

मधलं मी वाचनालयात बसून जुळवलं. घोडा कोसळला, राकोत्सी खाली आदळून बेशुद्ध पडला. आपला नेता मेला असं समजून कुरुत्सांनी मैदान सोडलं. भाऊसाहेबांची अंबारी रिकामी दिसल्यावर पानिपतात काय झालं, हे ऐकत वाढलेल्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही, फक्त छापावा लागतो. छापे घालण्यात कुरुत्सांचे घोडेस्वार पटाईत, पण समोरासमोरच्या लढाईत कवायती फौजेपुढे ते टिकत नसत. त्या दिवसानंतर उठाव सावरलाच नाही. १७११ साली राकोत्सी पोलंडमध्ये असताना त्याच्याच सेनापतीने, कारोयी शान्दोरने, सात्मारला तह करून टाकला. राकोत्सी परत आला नाही, १७३५ साली तुर्कस्तानात रोदोस्तोला वारला. आठ वर्षांच्या लढ्याचा कणा जिथे मोडला, तीच सोळा पानं आपण गाळलीत.

आपल्या ग्राहक सेवेने मला ‘खराब पानांचा फोटो अपलोड करा’ असं सांगितलं. नसलेल्या पानांचा फोटो कसा काढतात? मी दोन्ही ११२ शेजारी शेजारी ठेवून पाठवली. उत्तर आलं : ‘दोन्ही पाने सुस्थितीत आहेत. तक्रार बंद करण्यात येत आहे.’ तीन आठवडे भांडल्यावर बदली प्रत आली. तिच्यातही तेच. म्हणजे चूक एका प्रतीची नाही. गोदामातला गठ्ठा एकदा उघडून बघा.

जाता जाता, मलपृष्ठावर हा उठाव १८४८ चा म्हटला आहे आणि वर त्या १८४८ च्या हंगेरियन क्रांतीचा नेता कोशुत याचं चित्र. कोशुत जन्मला १८०२ साली. आत बरोबर आणि बाहेर जवळजवळ दीडशे वर्षांची चूक, हे मुद्रितं तपासणाऱ्याला दिसलं नाही?

मला एवढंच हवंय : आठव्या फॉर्मची सोळा पानं सुटी, टपालाने पाठवा. शिवून मी घेईन. पीडीएफ नको, ती दोनदा सुचवून झाली आहे. पंधरा दिवसांत पानं आली नाहीत तर ६५० रुपये परत करा, नाहीतर मला ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.

कळावे,
आपला ग्राहक

ता.क. दोन प्रती मिळून माझ्याकडे आता सातवा फॉर्म चार वेळा आहे. त्याच गठ्ठ्यातून कुणाला आठवा दोनदा आणि सातवा एकदाही गेला नसेल, तर त्यांना माझ्याकडचा पाठवायला मी तयार आहे.