परदेशी धाडताना जोडीने धाडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जर्मनीला नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या भागातील मुलामुलींविषयी गेले काही दिवस आपल्या अंकात वाचकांची पत्रे येत आहेत. भाषेचे वर्ग, एजंटांची फी, व्हिसाला लागणारा वेळ, यावर लोकांनी पोटतिडकीने लिहिले आहे. पण तिथे पोचल्यावर मूल राहते कसे, संध्याकाळी कोणाशी बोलते, तापाने फणफणले तर त्याचे दार कोण वाजवते, याबद्दल कोणी लिहिलेले मला दिसले नाही. ते मी लिहिते आहे. त्यासाठी जरा आडवाटेने जावे लागेल, कारण परक्या देशात तरुण मुलांना कसे सांभाळावे हे मी पाहिले ते धर्मप्रचारासाठी, म्हणजे मिशनवर, आलेल्या दोन मॉर्मन मुलांच्या राहणीत. मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ.

माझी मुलगी मिरजेत नर्सिंग शिकली आणि आता नवऱ्यासोबत श्टुटगार्टला असते. मागच्या हिवाळ्यात तिच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले. श्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी. 2024 साली महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तो याच राज्याशी, त्यामुळे सांगली-साताऱ्याची मुले पुढची काही वर्षे याच भागात जाणार आहेत. लेकीचे घर बाड कानश्टाट भागात, जुन्या चार मजली इमारतीत. लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावर दोन मुले राहत. पांढरा शर्ट, टाय, गडद पँट आणि छातीवर काळी नावाची पट्टी. एक उंच, अमेरिकेतल्या युटा राज्यातला. दुसरा चष्मेवाला, ब्राझीलचा. दोघेही विशीच्या आतबाहेर.

मिशन म्हटले की आपल्याला मिरजेचा वॉनलेस डॉक्टरांचा दवाखाना आठवतो. 1894 पासून त्या दवाखान्याने या भागातल्या किती पिढ्या जगवल्या हे इथल्या माणसाला सांगायला नको. माझ्या आईचे मोठे ऑपरेशन तिथेच झाले. ते मिशन प्रेस्बिटेरियन पंथाचे. ही मुले वेगळ्या चर्चची. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी ते स्थापन केले, पुढे हे लोक पश्चिमेकडे गेले आणि 1847 पासून सॉल्ट लेक सिटीत स्थिरावले. त्यांची तरुण मुले अठराव्या वर्षानंतर दोन वर्षे धर्मप्रचाराला जातात, मुली दीड वर्ष. एका वेळी जगभर सत्तर हजारांहून जास्त अशी मुले कामावर असतात. कुठे जायचे हे मुलाने ठरवायचे नसते, मुख्यालयातून पत्र येते त्या देशात जायचे. पगार नाही. उलट अमेरिकेतल्या घरांनी दरमहा ठरावीक रक्कम भरायची, 2020 पासून ती पाचशे डॉलर आहे, मग मुलगा जपानला जावो की फिलिपाइन्सला. वरच्या उंच मुलाने शाळा संपल्यावर लोकांच्या अंगणातले गवत कापून बरेचसे पैसे आधीच साठवले होते.

माझी दुपार बाळाजवळ आणि खिडकीजवळ जायची, त्यामुळे त्यांचा दिनक्रम मला आपोआप पाठ झाला. सकाळी साडेसहाला वर पावले वाजायची. अर्धा तास व्यायाम, अंघोळ, नाश्ता. आठच्या सुमारास धर्मग्रंथाचा अभ्यास, आधी एकट्याने, मग दोघांनी मिळून, शिवाय जर्मन भाषेचा. दहाला दोघे जिना उतरत. रात्री नऊच्या सुमारास परत. साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणे नाही. फोन आहे, पण कामापुरता. दिवसभर ते केनिगश्ट्रासे या बाजाररस्त्यावर उभे राहून लोकांशी बोलायचा प्रयत्न करत, ट्राममध्ये बोलत, चढावरच्या दगडी पायऱ्या चढून कोणी बोलावले असेल त्या घरी जात. डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधार पडतो. बहुतेक माणसे मान हलवून पुढे जातात, काही तोंडावर दार लावतात. एकदा जिन्यात भेटले तेव्हा लेकीने उंच मुलाला विचारले, की आज कोणी ऐकले का. तो म्हणाला, एका म्हातारबाबांनी ऐकले, पण त्यांना बोलायला कोणीतरी हवे होते, आम्ही त्यांच्या पिशव्या घरी पोचवल्या. हे सांगताना त्याच्या आवाजात जराही कुरकुर नव्हती.

ते कधीही एकटे दिसले नाहीत. त्यांचा नियमच आहे, की जोडीदाराच्या नजरेआड जायचे नाही. एकाला दुकानात जायचे तर दुसरा सोबत, एकाला ताप आला तर दुसराही घरी. जोडी वरून ठरवली जाते, आपल्या आवडीचा मित्र मागता येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, कोणाची होते, कोणाची राहते. मी असतानाच चष्मेवाल्याची बदली आली. दोन दिवसांत दोन बॅगा घेऊन तो दुसऱ्या गावी गेला आणि त्याच्या जागी अगदी नवा, नुकताच घरून निघालेला मुलगा आला. भाषेचे वर्ग काही आठवड्यांचेच झालेले. पहिले काही दिवस त्याचे डोळे सुजलेले असत. उंच मुलगा त्याला बरोबर घेऊन भाजी आणायला जाई, भात शिजवायला शिकवी, तिकिटाच्या यंत्रापुढे उभा करून त्यालाच पैसे टाकायला लावी. महिनाभरात हा नवा मुलगा खालच्या मजल्यावरच्या आजींशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलताना मी ऐकला.

त्या भागात इमारतीचा जिना आठवड्याच्या पाळीने भाडेकरूंनी झाडायचा असतो, पाळी ज्याची त्याच्या दारावर पाटी लटकते. या मुलांची पाळी असली की शनिवारी जिना असा लख्ख व्हायचा, की शेजारच्या जर्मन बाई स्वतः थांबून बघायच्या. सोमवारचा दिवस त्यांचा स्वतःचा. तळघरातल्या सामायिक मशीनवर कपडे, इस्त्री, आठवड्याचा बाजार, एकमेकांचे केस कापणे, थोडे खेळणे आणि घरी फोन.

या फोनविषयी मला आई म्हणून लिहायचेच आहे. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता येई, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्याला एक ईमेल. आता दर आठवड्याला त्यांच्या सुटीच्या दिवशी फोन करता येतो, व्हिडिओवर बोलता येते. दोन फोनवर वर्ष काढलेल्या आयांचा विचार करून मला रात्री झोप आली नव्हती. तो नियम फार कठोर होता आणि बदलला ते उत्तम झाले. पण आठवड्यातून एकदा आणि नेमक्या दिवशी बोलण्यात काय ताकद आहे तेही मी पाहिले. उंच मुलगा रविवारी रात्री वहीत टिपून ठेवी, की उद्या आईला काय काय सांगायचे. आम्ही काय करतो? दिवसातून चार वेळा व्हिडिओ कॉल. जेवलास का, काय जेवलास, बरं ठेवते. मूल सांगायचे ते सांगतच नाही, आणि आपल्याला वाटते रोज बोलणे होते आहे.

दिवाळीत मी चकल्या आणि बेसनाचे लाडू केले आणि त्यांना बोलावले. जावई कामावर होता. दोघे दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. लेकीने सांगितले, की घरात पुरुषमाणूस नसताना फक्त बायका असतील तर आत बसायचे नाही असा त्यांचा नियम आहे. संध्याकाळी जावई आल्यावर पुन्हा आले. मी सवयीने चहा टाकला, तर त्यांनी हात जोडले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांच्याकडे वर्ज्य, 1833 पासूनची शिकवण. मग केशर-वेलदोड्याचे गरम दूध दिले, ते दोघांनी दोन-दोन पेले घेतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते उपास करतात, दोन वेळचे जेवण सोडायचे, पाणीही नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. माझ्या एकादशीबद्दल त्या उंच मुलाने खूप प्रश्न विचारले. लेक मला आई म्हणते हे ऐकून तोही मला आई म्हणू लागला होता.

धर्माचे बोलणे अर्थात निघाले. मी त्याला लेकीकरवी सांगितले, की बाळा, माझा पांडुरंग मला पुरेसा आहे, तू माझ्यासाठी कष्ट घेऊ नकोस. त्याने मान डोलावली आणि नंतर तो विषय माझ्याजवळ काढला नाही. कोणाच्या दारी जाऊन त्याचा देव बदलायला सांगणे मला पटत नाही आणि हे पत्र त्याची तरफदारी करण्यासाठी नाही. आणखी एक गोष्ट मला खुपली. त्यांच्या समाजात मुलाने मिशनला जाणे हे कर्तव्य मानतात, आणि जो मध्येच घरी परततो त्याला लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनावर एवढे ओझे घालू नये. पण ज्या मुलाला पाठवायचे त्याची मागे राहून घेतलेली काळजी मला मनापासून पटली.

आता आपल्या मुलांकडे येते. लेकीच्या ओळखीची आपल्याच जिल्ह्यातली एक मुलगी, नर्सिंग झालेली, एका एजन्सीमार्फत श्टुटगार्टपासून दूर लहान गावातल्या वृद्धाश्रमात कामाला लागली. नोकरी खरी, पगार वेळेवर. पण त्या गावात मराठी तर सोडाच, दुसरे भारतीय माणूस नाही. पोटमाळ्यावरची खोली. रविवारी सगळी दुकाने बंद असतात हे तिला कोणी सांगितले नव्हते. आजी-आजोबांची बोली वेगळी, वर्गात शिकलेली जर्मन तिथे चालेना. ती रात्रपाळीनंतर लेकीला फोन करून नुसती रडायची. घरी सांगायची नाही, कारण घरच्यांनी कर्ज काढून पैसे भरले होते. एजन्सीचे काम विमानतळावर संपले होते. त्या मुलीत काही कमी नव्हते. नव्या मॉर्मन मुलाच्या शेजारी पहिल्या दिवसापासून जो उंच मुलगा होता, तसे तिला कोणी दिले गेले नाही.

मी रयतच्या शाळेत आयुष्य काढले. कर्मवीर अण्णांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले तेव्हा निरनिराळ्या जातींची खेड्यातली मुले एका छपराखाली आणून त्यांच्याकडून एकत्र स्वयंपाक करवला, एकत्र जेवायला बसवले. घर सोडून आलेल्या पोराला पुस्तकाआधी सोबत लागते हे अण्णांना कळले होते. त्याच मातीतून आपण आज मुलांना सातासमुद्रापार एकेकटे धाडतो आहोत.

म्हणून माझे मागणे आहे. शासनाच्या योजनेतून असो की एजन्सीमार्फत, पहिले सहा महिने तरी एका गावात, जमल्यास एका घरात, आपल्याकडची किमान दोन मुले असावीत. मुलींच्या बाबतीत तर यात तडजोडच नको. आधी गेलेल्या मुलामुलींपैकी एकेकाला नव्यांचा सोबती म्हणून नेमावे आणि त्याचा त्याला थोडा मोबदला द्यावा. त्या मॉर्मन मुलांच्या वर एक वयस्क जोडपे असते, तीन वर्षांसाठी नेमलेले, त्यांना दर आठवड्याला प्रत्येक मूल पत्र लिहून खुशाली कळवते. श्टुटगार्टमध्ये वर्षानुवर्षे राहिलेली मराठी कुटुंबे आहेत, त्यांच्यातले कोणी हे काम नक्की अंगावर घेईल, पण त्यांना कोणी अधिकृतपणे विचारले पाहिजे. इथल्या भाषावर्गांत व्याकरणाबरोबर भात-आमटी करणे, कपड्यांचे मशीन, कचऱ्याची वर्गवारी, रविवारचे बंद आणि हिवाळ्यातला अंधार हेही शिकवावे. तिथून परत आलेल्या मुलांना त्या वर्गांत बोलवावे.

करार करताना पालकांनी एजन्सीला पगाराबरोबर हेही विचारावे, की त्या गावात आमच्या मुलीसोबत दुसरे कोण असणार आहे आणि पहिल्या रात्री तिला घ्यायला स्टेशनवर कोण येणार आहे. उत्तर कागदावर लिहून घ्यावे. ते मिळेपर्यंत पैशाचा दुसरा हप्ता देऊ नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
विश्रामबाग, सांगली