आईला गाडी लागते, रेल्वे लागत नाही

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही “बरं, तुला योग्य वाटेल ते कर” म्हणालात, तेव्हाच मला कळलं की मोटारीऐवजी रेल्वेने फिरणं तुम्हाला पटलेलं नाही. फोनवर मी घाई करते आणि तुम्ही गप्प होता, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगून टाकते: आठ दिवसांचे रेल्वेचे पास काढून झालेत. सप्टेंबरात तुम्ही इथे स्वित्झर्लंडला आलात की झ्युरिकहून लुसर्न, इंटरलाकेन, झेरमाट आणि परत माझ्या घरी, हे सगळं आपण रेल्वेने करणार आहोत. भाड्याची मोटार नाही. आता रागवायचं असेल तर पत्र पूर्ण वाचून मग रागवा.

पहिलं कारण आई. आई, लगेच “माझ्यापायी कशाला” म्हणू नकोस. कसारा घाटात मोटारीत लिंबू हुंगत, डोळे मिटून बसणारी तू पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलीस की इगतपुरीला वडा मागतेस. घाट तोच असतो. मोटारीला वळणं आखूड आणि तीक्ष्ण, वर ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. डोकं एकीकडे आणि पोट दुसरीकडे. रेल्वेचं वळण लांबलचक असतं आणि वेग फारसा बदलत नाही. लुसर्न ते इंटरलाकेन मध्ये ब्रूनिगचा घाट आहे, १००८ मीटर उंचीचा. रस्त्याने गेलो तर तिथे तुझी पिशवी काढावी लागणार, हे मला इथे बसून दिसतंय. रेल्वे तोच घाट दातेरी रुळावरून, दात पकडत, सावकाश चढते. सुमारे दोन तासांचा प्रवास आहे.

त्या गाडीत कुठे बसायचं तेही ठरलंय. लुसर्नला चढताना उजव्या हाताच्या खिडक्या धरायच्या. सार्नेनचं आणि लुंगर्नचं सरोवर त्याच बाजूला येतं. मायरिंगेनला गाडी थांबून उलट्या दिशेने निघते, म्हणजे आपण डाव्या बाजूचे होतो. पण पुढे ब्रिएन्झचं सरोवरही डावीकडेच आहे, त्यामुळे खिडकी बदलायची नाही. फक्त आई, मायरिंगेन आलं की तू उठून समोरच्या बाकावर बसायचंस, नाहीतर उलटं तोंड करून बसावं लागेल आणि मग रेल्वेही लागेल. बाबा तोवर तुझी जागा धरतील. समोरासमोर चार जागा असतात, मध्ये छोटं टेबल. घरचा डबा उघडला तर कुणी काही म्हणत नाही.

आता बाबा, तुमचा मुद्दा. मोटार असली की आपण आपल्या मर्जीचे मालक. खरं आहे, जिथे ती चालते तिथे. आता इंटरलाकेनहून झेरमाटला मोटारीने कसं जायचं ते बघा. कांडरश्टेगपर्यंत चढायचं. तिथे डोंगर आडवा येतो, म्हणून मोटार एका उघड्या रेल्वेवर चढवायची, इंजिन बंद करून आत बसून राहायचं आणि लोट्शबर्गच्या जुन्या बोगद्यातून पंधरा मिनिटांनी गोपेनश्टाइनला उतरायचं. पुढे टेश. टेशला मोटार पार्किंगमध्ये ठेवावीच लागते, कारण झेरमाटमध्ये बाहेरच्या मोटारींना प्रवेशच नाही. शेवटचे पाच किलोमीटर पुन्हा रेल्वेने, बॅगा उचलून. म्हणजे मोटार भाड्याने घेऊनही दोनदा रेल्वे. आपण सरळ रेल्वेने गेलो की श्पिएत्सला एकदा आणि फिस्पला एकदा गाडी बदलायची, बस. आणि बाबा, श्पिएत्स-फिस्पच्या मध्ये जो नवा पायथ्याचा बोगदा आहे तो ३४.६ किलोमीटरचा आहे, २००७ साली सुरू झालेला. आत काही दिसत नाही, पण मला माहीत आहे, तुम्ही घड्याळ काढून बसणार.

पैशांचंही तुम्ही विचारलं होतंत. जाहिरातीतला दिवसाचा दर हा नुसता उंबरठा असतो. स्वस्तातल्या पुष्कळ मोटारी हाताने गिअर बदलायच्या. ऑटोमॅटिक हवी तर जास्त पैसे. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी घेतच नाहीत. विमा असतो, पण ओरखडा पडला तर पहिली ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून. ती माफ करून घ्यायची तर रोज वेगळे पैसे. हॉटेलचं पार्किंग रात्रीच्या हिशेबाने वेगळं. महामार्गाचा वर्षाचा ४० फ्रँकचा परवाना मात्र इथल्या भाड्याच्या मोटारीला लावलेलाच असतो, तो खर्च मी धरलेला नाही. उगाच रेल्वेची वकिली करतेय असं नको वाटायला. पण दंड? महामार्ग सोडून बाकी रस्त्यांवर मर्यादेपेक्षा एक ते पाच किलोमीटर जास्त वेगाला ४० फ्रँक. कॅमेरा फोटो काढतो, कंपनी आपलं नाव-पत्ता कळवते आणि त्या कळवण्याचेही वेगळे पैसे लावते. गावात वेगमर्यादा ५०, बाहेर ८०, महामार्गावर १२०. गावातल्या लहान चौकात खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं. त्यात आपली सवय डाव्या बाजूची. तुम्ही घाट उत्तम चालवता, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण ज्याचं नाव करारात चालक म्हणून नाही त्याने चाक धरलं तर विमा उडतो, आणि नाव घालायला काही कंपन्या वयाची वरची मर्यादाही घालतात. मग आठ दिवस मी एकटीच चालवणार, डोळे रस्त्यावर. तुम्ही इतक्या लांबून येणार आणि मी तुमच्याशी आरशातून बोलू?

आणि एक गोष्ट, तुम्ही कधीच बोलणार नाही म्हणून मीच लिहिते. सकाळची लघवीची गोळी. महामार्गावर पुढचा थांबा येईपर्यंत तुम्ही ताणून धरता, पाणी पिणं बंद करता आणि संध्याकाळी पाय जड होतात. रेल्वेत डब्याच्या टोकाला शौचालय असतं, फुकट. मोठ्या स्टेशनांवर मात्र पैसे पडतात. डोंगरावर चढणाऱ्या लहान गाड्यांत ते असेलच असं नाही, म्हणून तिथे चढण्याआधी जाऊन यायचं. गोळी वेळेवर घ्यायची आणि पाणीही प्यायचं. गावोगावच्या हौदांचं पाणी पिण्याजोगं असतं. “काइन ट्रिंकवासर” अशी पाटी असेल तेवढं प्यायचं नाही.

गाडी चुकली तर काय, ही काळजी करू नका. इथे गाड्या ठरलेल्या अंतराने सुटतात, मोठ्या मार्गांवर दर अर्ध्या तासाला. पास आठ दिवस सलग चालतो, साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही; एक गेली की पुढच्या गाडीत बसायचं. बदलायला पाच-सात मिनिटंच मिळतात हे खरं, पण वेळापत्रक तसंच बांधलेलं असतं, आणि श्पिएत्सला आईचा गुडघा दुखत असेल तर आपण मुद्दाम एक गाडी सोडून देऊ आणि फलाटावरून सरोवर बघू. फलाटावर ए, बी, सी, डी असे भाग असतात. कुठल्या भागासमोर पहिल्या वर्गाचा डबा येईल ते फलकावर दिसतं. डब्यावर वर पिवळा पट्टा असतो तो पहिला वर्ग. आपला दुसरा. पट्टा बघून उलट दिशेला चालू लागायचं. नव्या डब्यांत फलाटावरून सपाट आत जाता येतं, जुन्या डब्यांना दोन-तीन उंच पायऱ्या असतात. ॲपवर चाकाच्या खुर्चीची खूण असलेली गाडी मी आधीच निवडत जाईन.

सामानाचं म्हणाल तर ३० किलोची ती लाल बॅग घरीच ठेवा. आणायच्या त्या दोन मध्यम, चाकांच्या, जास्तीत जास्त २० किलोच्या. पाठीला पाठ लावून असलेल्या बाकांच्या मध्ये जी फट असते तिच्यात त्या उभ्या राहतात, वर उचलाव्या लागत नाहीत. आठ दिवसांच्या फिरण्यावर त्यातली एकच घेऊ, दुसरी माझ्या घरी राहील. अगदीच जड झाली तर स्टेशनवर सोपवून पुढच्या मुक्कामाच्या स्टेशनवर घेता येते. आज दिली की परवा मिळते. तिच्यात औषधं टाकायची नाहीत. औषधं पर्समध्ये, आई. पर्स म्हणजे पर्स, बॅगेचा वरचा कप्पा नव्हे.

आता जे लिहायला मन होत नाही ते. युंगफ्राऊयोखला आपण जाणार नाही. बाबा, तुम्ही तो फोटो इतकी वर्षं कपाटाच्या दारावर लावून ठेवलाय, मला ठाऊक आहे. पण ते स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो आणि गाडी काही तासांत तिथे नेऊन ठेवते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाला तिथे नेण्याची जोखीम मला घ्यायची नाही. त्याऐवजी रिगीचा डोंगर. लुसर्नहून बोटीने फित्सनाऊ, तासाभराचा प्रवास, आणि तिथून १८७१ साली सुरू झालेली दातेरी रेल्वे, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. शिखर १७९८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दीडशे मीटर वर. बोट आणि रिगी दोन्ही पासात बसतात. आणि मॅटरहॉर्नचं शिखर तर झेरमाटच्या रस्त्यावरूनच दिसतं. गाव १६०० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि डॉक्टरांनी आधी हो म्हटलेलं असलं, तर गोर्नरग्राटच्या डोंगरी गाडीने मधल्या रिफेलबर्ग स्टेशनपर्यंत, २५८२ मीटर, जाऊ. टोकापर्यंत नाही. वाद घालायचा नाही.

आता निघण्याआधीची कामं. डॉक्टरांकडे जाऊन या आणि सगळ्या गोळ्यांची यादी औषधांच्या मूळ नावानिशी इंग्रजीत लिहून घ्या. दुकानातली नावं इथे चालत नाहीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण त्यात स्टेंट आणि आईची साखर दोन्ही लिहा. लपवलं तर पुढे दावा नाकारतात. आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परवाना काढायचं काम करू नका, बाबा. पासची छापील प्रत पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा, तिकीट तपासनीस दोन्ही मागू शकतो. आईचं पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव पासवर घातलंय, “असं का लिहिलंस” म्हणू नकोस. इथे रुग्णवाहिकेचा नंबर १४४, तो दोघांच्या फोनमध्ये घाला. गाडीत व्हिडिओ आवाज लावून बघायचे नाहीत. हे बाबांना.

आई, साजूक तूप आणि पेढे आणू नकोस. दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात आणि मग तुला रात्रभर हळहळ. लोणी इथे छान मिळतं, मी कढवून ठेवते. मेतकूट, कोरडी चटणी, पोह्याचा चिवडा आण, भरपूर आण. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली मात्र उघडी. म्हणजे दही-भाताची सोय स्टेशनवरच होईल. प्रत्येक मुक्काम मी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांच्या आतला घेतलाय, लिफ्ट असलेला. खोलीत किटली आहे. चहाची पावडर आपली आण.

बाबा, शेवटच्या शनिवारी एक दिवस मोटार घेतेय. झ्युरिकहून अ‍ॅपेन्झेलच्या गावांत; सामान घरीच, घाट नाही, वाटेल तिथे थांबायचं. खेड्यापाड्यांत मोटारच बरी, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तुम्ही पुढे बसायचं आणि रस्ता सांगायचा. चाक मागायचं नाही. भीमाशंकरचं नाव मी काढत नाही, तुम्हीही काढू नका.

आई, लिंबूही आणू नकोस हं, ताजी फळं आणायला परवानगी नाही. मी इथे घेऊन ठेवते. लागणार नाही, पण पर्समध्ये असू दे.

तुमची
मनू