पावणेदोन इंचाची रिंग

यूजीन, ऑरेगन
22 फेब्रुवारी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर "करवत सुरू झाली का?" असं तू विचारलंस आणि नेमकं तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं. बोलणं तिथंच राहिलं. म्हणून आज लिहायलाच बसलो. झाली सुरू! पण पिस्टनच्या रिंगांनी चार महिने घेतले.

करवत म्हणजे मॅककलक 10-10 ही चेनसॉ, 54 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. शेजारच्या आजोबांची. ते गेल्यावर गॅरेज आवरताना आजींनी ती माझ्या हातात ठेवली. "त्यांनी हिच्यावर फार जीव लावला होता," एवढंच म्हणाल्या. तेव्हाच ठरवलं, ही चालू करायचीच. ही करवत ज्यानं काढली तो रॉबर्ट मॅककलक म्हणजे 1968 मध्ये लंडनचा जुना पूल 24 लाख 60 हजार डॉलरला विकत घेऊन त्याचे दगड ॲरिझोनात आणणारा माणूस. तो पूल आज लेक हवासू सिटीत उभा आहे. कंपनी मात्र 1999 मध्ये दिवाळखोरीत गेली. नाव पुढे दुसऱ्यांनी घेतलं, पण इतक्या जुन्या मॉडेलचे पार्ट शोधत बसावं लागतं.

आधी इंजिन सुरू करायच्या दोरीची मूठ धरून करवत उचलून बघितली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगलं असेल तर ती अडखळत, टप्प्याटप्प्यानं खाली येते. ही सुळकन उतरली. गेजवर 80 पीएसआय. उघडली तर वरची रिंग कार्बननं खाचेत चिकटून बसलेली, काढताना तिचे तुकडेच झाले. सिलिंडर मात्र आतून आरशासारखा.

तू म्हणशील, बोअर मार, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कर, आणि ओव्हरसाइझ रिंग टाक. राजदूतला आपण तेच करायचो. पण राजदूतचा ब्लॉक बिडाचा, इथं ॲल्युमिनियमला आतून क्रोमचा पातळ थर आहे. बोअर मारला की थर गेला, म्हणजे सिलिंडर गेला. तेव्हा रिंग मूळ मापाचीच हवी. पावणेदोन इंच, म्हणजे 44.45 मिमी. आणि आजच्या करवती सगळ्या मिलिमीटरच्या! 44 ची रिंग मिळते, 45 ची मिळते. 44 ची घातली तर परिघात 1.4 मिमी कमी पडतात, एवढ्या फटीतून कॉम्प्रेशन राहायचं कसं? 45 ची घेतली तर टोकाचे 1.7 मिमी आणि वर दोन टोकांमध्ये ठेवायच्या बारीक फटीपुरतं कानशीनं घालवावं लागतं. इथवर नुसतं गणित.

खरी अडचण पिनेची. टू-स्ट्रोकची रिंग फिरू देत नाहीत हे तुला सांगायला नको. तिचं टोक पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या, खिडकीत अडकलं तर खेळ खलास. म्हणून खाचेत बारीकशी पिन असते आणि रिंगेच्या टोकांना त्या पिनेपुरती खोबण काढलेली असते. टोक कानसलं की ती खोबण नाहीशी होते, मग पुन्हा काढा. शिवाय व्यास जुळला तरी जाडी जुळेल याचा भरवसा नाही. एकाच बोअरच्या दोन करवतींच्या रिंगा वेगळ्या जाडीच्या असू शकतात. खाच मोजल्याशिवाय ऑर्डर देण्यात अर्थ नाही.

पहिला सेट एका दुकानदारानं पाठवला तो बाहेरून क्रोम केलेला. सांगून, लिहून देऊनही. क्रोमवर क्रोम घासला की दोन्ही ओरबाडून निघतात. फार राग आला, महिना फुकट गेला. मग साध्या बिडाच्या 45 च्या चार रिंगा मागवल्या, जाडी खाचेला बरोबर.

आता ऐक. सागवानाच्या दोन पट्ट्यांत रिंग धरली, फक्त टोक बाहेर. हिऱ्याची बारीक कानस, आणि ओढ एकाच दिशेनं, बाहेरून आत. चार ओढी मारायच्या, रिंग सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टनच्या माथ्यानं ढकलून सरळ करायची, फीलर गेजच्या पातळ पात्यानं टोकांमधली फट मोजायची. पहिली रिंग खोबण काढताना कट्ट करून तुटली. दुसरीला दोन संध्याकाळी दिल्या. फटीचा हिशेब सात थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) होता, मी आठवर थांबलो. खालून टॉर्च धरला तर टोकांपासून थोडं मागं दोन्हीकडे केसाएवढी उजेडाची कड दिसली. मोठी रिंग दाबून बसवली की एवढं व्हायचंच, रनिंगमध्ये ती बसेल असं धरून पुढं गेलो. उद्यमनगरात काम शिकवताना आप्पा आपल्या हातात फीलर गेज देऊन म्हणायचे, "पातं ओढताना लोण्यातून सुरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे." चाळीस वर्षांनी परवा अगदी तसं वाटलं आणि घसा दाटून आला.

गेजवर 130 आले. आठव्या झटक्याला पेटली. जानेवारीच्या वादळात आमच्या मागं एक डग्लस फर आडवं झालं होतं, त्याचे ओंडके हिनंच केले. आजी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, बंद होईपर्यंत हलल्या नाहीत.

आता काम तुझ्याकडे. आप्पांचा रिंग घासायचा जिग होता बघ, हँडल फिरवलं की दोन्ही टोकं एकदम सरळ घासायचा. तो अजून माळ्यावर असेल तर मापं घेऊन ड्रॉइंग पाठव. उरलेल्या रिंगा त्यावर करून जपून ठेवायच्या आहेत. आणि इथल्या एका मित्राला दुसरी 10-10 मिळाली आहे, तिच्याही रिंगा गेल्यात.

वहिनींना नमस्कार. आप्पांचा गुडघा कसा आहे ते कळव, त्यांना हे पत्र वाचून दाखव.

तुझाच,
उद्यमनगरातला जोडीदार