बाबा, तुमच्या फेसबुकला कुलूप मीच लावलंय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुमचा आवाज चढला, म्हणून लिहितेय. फोनवर आपल्या दोघांचं काय होतं ते आईला विचारा. हो, निघायच्या आदल्या रात्री तुमचं फेसबुक प्रोफाइल मीच लॉक केलं, मित्रांची यादीही लपवली. आधी विचारलं असतं तर "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" म्हणाला असता आणि गाडी भलतीकडेच गेली असती.

लपवण्यासारखं काहीच नाही, कबूल. पण तुमचा फोटो लावून कुणीतरी दुसरं खातं उघडलं आणि "दवाखान्यात आहे, पैसे पाठव" असे मेसेज तुमच्याच विद्यार्थ्यांना गेले. नावं शोधायचे कष्टही त्याला पडले नाहीत, यादी उघडीच होती. पोरांनी आधी तुम्हाला फोन केला म्हणून निभावलं. सरांसाठी न विचारता पैसे पाठवणारेही त्यांत आहेत, हे तुम्हीच जाणता.

तुमचं काहीही गेलेलं नाही हो. दहावीच्या सगळ्या बॅचेस यादीत तशाच आहेत, रविवारचा सुविचार त्यांना दिसतोच. फक्त परक्याला तुमच्या पोस्ट आणि अल्बम दिसणार नाहीत. मोठी केलेली अक्षरं, आईचा भिशीचा ग्रुप, सगळं जागच्या जागी.

पासवर्ड मात्र बदललाय. आईचं नाव आणि लग्नाचं साल! वहीत वाचून हसू आलं, मग डोळे भरले. पण लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो सालासकट तुम्हीच टाकलाय ना? नवा पासवर्ड विम्याच्या फायलीत, पाकिटात आहे.

आई, पाटल्या पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला तू जिन्यावरूनच परत पाठवलंस, मी तुझा पदर धरून मागे उभी होते. तोच माणूस आता फोनमधून येतो, लग्नपत्रिका घेऊन. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप असतं. बोट लावू नकोस, लग्न कुणाचंही असो.

आता दोघांनी ऐका. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावलाय, तो अधूनमधून विचारला जाईल, घाबरायचं नाही. मेसेजमध्ये आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, दादाच्या नंबरवरून मागितला तरी. पैसे आपल्याकडे यायचे असतील तर यूपीआय पिन लागत नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत, 'डिजिटल अरेस्ट' कायद्यात नाहीच. फोन ठेवून द्या. कोकणातले फोटो घरी परतल्यावर टाका. आणि पैसे गेलेच, तर एकमेकांपासून लपवत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग मला. मी एका शब्दानं बोलणार नाही.

बाबा, ते खोटं खातं तुमचं नाही, हे सांगणारी पोस्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलीय. विद्यार्थ्यांना ती तुमच्याकडूनच कळायला हवी. ऱ्हस्व-दीर्घ तपासा आणि आज रात्रीच टाका.

तुमची,
छकुली