प्रश्नावली आधी, गणित नंतर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

विकासाच्या अर्थशास्त्रात पीएच.डी. करायचं पक्कं केलंस, उत्तम. गणित तुला येतंच, स्टाटा आणि आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर चार-सहा महिन्यांत हातात बसतील. काळजी आहे ती प्रश्नावलीची. गरिबीचा आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा ओट्यावर, प्रश्न विचारतानाच.

सरकार घरोघरी जाऊन खर्च विचारतं ती राष्ट्रीय नमुना पाहणी; तिची 1999-2000 ची, म्हणजे 55वी फेरी, आधी वाच. माणशी खर्च ठरावीक रेषेखाली असेल तर ते घर गरीब धरतात. तोवर अधिकृत आकडे ‘गेल्या 30 दिवसांत किती खाल्लं’ या प्रश्नावर काढत. महिन्याभराचं कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून त्याआधीच्या फेऱ्यांत काही घरांना खाण्यापिण्यासाठी 7 दिवसांचा आणि कपडे, भांडी वगैरेंसाठी वर्षाचा प्रश्न घालून पाहिला. खर्च चांगलाच वर गेला, गरिबांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पगार-मजुरी होती तेवढीच, बदलला फक्त प्रश्न. पुढे 55व्या फेरीत 7 आणि 30 दिवसांचे रकाने शेजारी-शेजारी छापले. मग काय, बाई आठवड्याचं तेल सांगते आणि महिन्याला त्याची चौपट करून मोकळी होते. नाहीतर प्रगणकच, म्हणजे प्रश्न विचारणारा माणूसच, दोन रकान्यांचा मेळ घालून टाकतो. 30 दिवसांचा आकडा फुगला. सरकारी गरिबी 1993-94 च्या 36 टक्क्यांवरून 26 वर आली आणि त्यातली खरी घट किती, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. 2022-23 च्या पाहणीत तीन प्रश्नावल्या घेऊन एकाच घरी तीन खेपा घातल्या आहेत. पद्धतच बदलली, म्हणून 2011-12 च्या पाहणीशी तिची सरळ वजाबाकी करू नकोस.

दांडेकर-रथ या अर्थतज्ज्ञांचं गरिबीवरचं 1971 चं काम वाचशीलच. त्यांनी गरिबीची रेषा म्हणून माणशी रोज 2250 कॅलरी मिळतील असा खर्च धरला: 1960-61 च्या किमतींना खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस.

आता प्रत्यक्ष गावातलं. ‘काय आणलं’ विचारू नकोस, ‘काय खाल्लं’ विचार. सणाला 15 किलोचा तेलाचा डबा आला की खरेदीत ते घर एकदम श्रीमंत दिसतं. घरची ज्वारी शेतावरच्या भावाने धर, दुकानाच्या नव्हे. पायली गावागणिक वेगळी, म्हणून खिशात छोटा ताणकाटा ठेव आणि पहिल्याच दिवशी त्या गावची पायलीभर ज्वारी तोलून घे. मुलांची शाळेतली खिचडी, मालकाकडचं जेवण हे मुद्दाम विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. रेशनकार्डावरची नावं नव्हेत.

एकदा जाऊन भागत नाही, म्हणूनच इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने 1975 पासून सोलापूरकडच्या शिरापूर आणि कळमणसारख्या गावांत माणसं मुक्कामीच ठेवली. तुझ्या प्रबंधाला तेवढे पैसे मिळणार नाहीत. निदान हंगाम तरी बघून जा. बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात. जानेवारीत गेलीस तर दाराला कुलूप, आणि दमलेला प्रगणक शेजारचं घर घेतो. शेजारी गावातच राहू शकतो, म्हणजे बहुधा जरा बऱ्या परिस्थितीतला. अशी अदलाबदल होऊ देऊ नकोस. कुलूपबंद घरांची वेगळी यादी कर, शेजाऱ्यांकडून मुकादमाचं नाव आणि कारखाना विचारून ठेव, आणि मे महिन्यात त्याच दारांवर पुन्हा जा.

तुझा,
बाबा