ओढ्याकाठची सुबाभूळ: बिल तोडीवर नको, मेलेल्या खुंटांवर द्या

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

ओढ्यांच्या काठावरची सुबाभूळ आणि वेडी बाभूळ काढायलाच हवी. पण किती हेक्टर तोड झाली यावर ठेकेदाराचं बिल निघणार असेल, तर ते काम न केलेलं बरं. सुबाभूळ नुसती कापली की खुंटाला चहूबाजूंनी धुमारे फुटतात. एका खोडाच्या जागी जाळी उभी राहते आणि दुसरी तोड पहिलीपेक्षा अवघड होते. शिवाय तिचं टणक कवचाचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि सावली हटताच उगवून येतं. म्हणून या पत्रात मागणी एकच आहे: पैसे मेलेल्या खुंटाचे द्या.

खुंट मरणार की नाही, हे कापल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत ठरतं. ताज्या कापावर सालीच्या लगेच आतला ओला थर ग्लायफोसेट हे तणनाशक शोषून मुळांपर्यंत नेतो, पण तो थर लवकर सुकतो. दिवसभर कापायचं आणि संध्याकाळी एकदम औषध लावत सुटायचं, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. त्यात औषधही जातं आणि झाडही जगतं. म्हणून माणसं जोडीनं लावावीत: एकानं करवत चालवायची, दुसऱ्यानं ब्रश घेऊन शेजारी थांबायचं. काप जमिनीपासून ५ ते १० सेंमीवर आणि सपाट हवा. कोयत्याच्या तिरक्या घावावरून औषध ओघळून मातीत जातं. आधी भुसा झटकायचा, मग ग्लायफोसेटचं ४१ टक्क्यांचं द्रावण तितक्याच पाण्यात मिसळून कडेच्या थराला आणि सालीला लावायचं. जाड खोडाच्या मधल्या लाकडाला लावून काही उपयोग नाही, ते मृतच असतं. द्रावणात रंग टाकला की कोणता खुंट राहिला ते लांबूनही दिसतं.

मिसळायला स्वच्छ पाणीच घ्यावं. ओढ्याचं गढूळ पाणी वापरलं तर ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही चालत नाही; तिच्याशी प्रक्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू तयार होतो. प्लास्टिकचंच भांडं हवं.

पाण्याजवळ मात्र फवारणी अजिबात नको. बाजारातल्या अनेक ग्लायफोसेट द्रावणांत पानावर पसरण्यासाठी जे साबणासारखं द्रव्य घालतात, ते बेडकांच्या पिल्लांना आणि माशांना ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक असतं. म्हणून काठावर फक्त ब्रश वापरावा, औषध मिसळण्याची जागा पाण्यापासून किमान ३० मीटर लांब असावी आणि पुढच्या २४ तासांत पावसाची चिन्हं असतील तर काम थांबवावं. पाण्यावर झुकलेलं झाड कापूच नये. खोडाच्या घेरावर दर ५ सेंमीला, खाली तिरकं, ४-५ सेंमी खोल भोक पाडून त्यात लगेच औषध भरावं. झाड उभ्या उभ्या वाळतं आणि औषध प्रवाहात जात नाही. रबरी हातमोजे, चष्मा आणि गमबूट सक्तीचे करावेत. चामड्याचे हातमोजे औषध शोषून घेतात आणि ते दिवसभर कातडीला लागत राहतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली होती. निविदेत प्रशिक्षित माणसांची अट त्यामुळे पहिल्याच पानावर यायला हवी.

वेडी बाभळीचे नवे कोंब फुटणारे डोळे जमिनीखाली, मुळाच्या मानेवर असतात. सपाट जागी साधारण ३० सेंमी खोदून त्याखाली मूळ तोडलं तर औषधाची गरजच राहत नाही. पण दरडीवर हे करू नये, आणि जेसीबी तर तिथे मुळीच नेऊ नये. मेलेली मुळंही काही वर्षं माती धरून ठेवतात. ती उपटली की पहिल्याच पुरात काठ ढासळतो.

हंगाम पावसाळ्यानंतरचा, हिवाळा संपेपर्यंतचा. कडक उन्हाळ्यात तहानलेलं झाड औषध नीट ओढत नाही. काम उगमाकडून खाली करत यावं, कारण पुराचं पाणी शेंगा वाहून आणतं. सगळा काठ एका दमात उघडा करू नये. टप्प्याटप्प्यानं मोकळा करावा आणि मोकळ्या जागी त्याच पावसाळ्यात करंज, उंबर, वाळुंज, शेरणी, वाळा लावावा. कापलेल्या फांद्या पात्रात टाकल्या तर पुढच्या मोरीत अडकतात, तेव्हा त्या बाहेर काढाव्यात. वेडी बाभळीच्या शेंगा गुरं आवडीनं खातात आणि शेणातून बी पेरत जातात. शेंगांच्या काळात अशा पट्ट्यात चराई बंद ठेवावी लागेल, आणि त्यासाठी गुराखी कुटुंबांशी आधी बोलावं लागेल.

आता पैशांविषयी. तोड झाल्यावर अर्धीच रक्कम द्यावी. उरलेली पुढचा पावसाळा संपल्यावर, खुंट मोजून, धुमारे न फुटलेल्यांच्या प्रमाणात द्यावी. त्याच करारात पुढची किमान तीन वर्षं पावसाळ्यात ओल्या मातीतून रोपं हातानं उपटण्याचं काम धरावं, आणि ते काठावरच्या गावांतल्या माणसांना द्यावं. तीन वर्षांची तरतूद होत नसेल तर हेक्टर कमी घ्यावेत.

आपले,
ओढ्याकाठच्या झाडोऱ्यावर काम करणारे कार्यकर्ते