अन्ना ग्रिगोर्येव्नाचे काम

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कादंबरीचा दुसरा खर्डा पुरा झाला हे वाचून मला आणि तुझ्या बाबांना फार समाधान वाटले. सूनबाई कार्यालयातून आल्यावर रात्री बसून तुझी हस्तलिखित पाने संगणकावर उतरवते, असे सांगून तू पुढे लिहिले आहेस की रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीला जशी त्याची पत्नी अन्ना मिळाली तशी मला ही मिळाली. ते तू प्रेमानेच लिहिले आहेस, हे मी जाणते. परंतु अन्नाचे नाव घ्यायचे तर तिने नेमके काय केले हे तुला नीट ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

अन्ना ग्रिगोर्येव्ना स्नित्किना ही सेंट पीटर्सबर्गमधील लघुलेखनाची, म्हणजे शॉर्टहँडची, विद्यार्थिनी. 1866 साली तिचे वडील वारले होते आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची तिची इच्छा होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिच्या शिक्षकांनी तिला पन्नास रुबलांच्या एका कामासाठी पाठवले. दोस्तोयेव्स्कीने आदल्या वर्षी स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाकडून तीन हजार रुबल घेऊन एक करार केला होता. नवी कादंबरी 1 नोव्हेंबरपर्यंत हाती पडली नाही, तर पुढील नऊ वर्षे लेखकाचे सारे लेखन एक कोपेकही न देता छापण्याचा हक्क त्या प्रकाशकाला मिळणार होता. 'क्राइम अँड पनिशमेंट' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती, आणि या दुसऱ्या कादंबरीचे एक पानही लिहून झालेले नव्हते.

दोस्तोयेव्स्की रात्री टिपणे काढी आणि दुपारी मजकूर सांगे. अन्ना तो लघुलिपीत घेई, घरी जाऊन रात्री सुवाच्य अक्षरात उतरवी आणि दुसऱ्या दिवशी पाने त्याच्यापुढे ठेवी. 'द गॅम्बलर' अशी सव्वीस दिवसांत पुरी झाली. मी नोकरीची सारी वर्षे डिक्टेशन घेण्यात घालवली, त्यामुळे या ओळी वाचताना मला त्या मुलीचे मनगट दुखलेले जाणवते. बोलणारा अडखळतो, वाक्य मध्येच मोडून पुन्हा सुरू करतो, आणि त्यातले कोणते ठेवायचे हे ऐकणाऱ्याला त्याच क्षणी ठरवावे लागते. घेतलेल्या नोट्स त्याच दिवशी उतरवल्या नाहीत तर स्वतःच्याच खुणा परक्या वाटू लागतात. हे कौशल्य आहे, शिकून मिळवलेले. अन्नाच्या चरित्राविषयी लिहिणारे बहुतेक लोक तिच्या त्यागापाशी इतके रेंगाळतात की तिचे हे कसब त्यांच्या नजरेतून सुटते, याचे मला नेहमी वाईट वाटते. शेवटी हस्तलिखित तयार झाले तेव्हा प्रकाशक गावातच नव्हता, म्हणून ते पोलीस ठाण्यात देऊन त्याची रीतसर पावती घ्यावी लागली.

फेब्रुवारी 1867 मध्ये त्यांचे लग्न झाले. तो पंचेचाळीस वर्षांचा, ती वीस. देणेकऱ्यांचा तगादा आणि नातलगांच्या मागण्या यांतून सुटण्यासाठी परदेशी जाणे भाग होते, आणि त्या प्रवासासाठी अन्नाने आपल्या हुंड्यातले सामान गहाण टाकले. काही महिन्यांचा म्हणून ठरलेला तो प्रवास चार वर्षांहून अधिक लांबला. जिनिव्हात जन्मलेली त्यांची पहिली मुलगी सोन्या अवघ्या तीन महिन्यांची असताना गेली. बाडेन-बाडेनमध्ये तिची कर्णफुले, ब्रोच आणि लग्नाच्या अंगठ्यासुद्धा त्याच्या रूलेटच्या जुगारापायी गहाण पडल्या. 1871 मध्ये व्हिसबाडेनला तो शेवटचा खेळला, आणि त्यानंतर तो खरोखरच त्या नादाकडे वळला नाही.

या काळातील तिच्या सहनशीलतेचे गोडवे मला गाववत नाहीत, आणि तूही गाऊ नयेस. जुगार हा त्याचा आजार आहे असे ती समजत होती, हे खरे. परंतु 1867 साली तिने जी रोजनिशी ठेवली ती लघुलिपीत ठेवली, म्हणजे नवऱ्याला ती वाचता येणार नव्हती. त्यात तिची चिडचीड आणि रडणे आहे, पैशांची चिंता आहे. पुढे उतारवयात तिने लिहिलेल्या आठवणींपेक्षा ही रोजनिशी मला अधिक विश्वासाची वाटते.

माझ्या मते तिच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा भाग 1871 मध्ये रशियाला परतल्यावर सुरू होतो. डोक्यावर सुमारे पंचवीस हजार रुबलांचे कर्ज होते, आणि त्यातले बरेचसे त्याच्या दिवंगत भावाचे होते. देणेकरी दारात येऊ लागले तेव्हा अन्नाने त्यांच्याशी बोलणे स्वतःकडे घेतले. एकाने नवऱ्याला कर्जदारांच्या तुरुंगात घालण्याची धमकी दिली असता तिने त्याला शांतपणे सांगितले की घर माझ्या नावाने भाड्याने घेतलेले आहे, सामान हप्त्यांवर आणलेले आहे, म्हणजे तुम्हाला जप्तीत काहीच मिळणार नाही. उलट तुरुंगातील कैद्याच्या पोटापाण्याचा खर्च कायद्याने तुम्हालाच द्यावा लागेल. देणेकरी हप्त्यांवर आला.

त्यानंतर तिने प्रकाशनाचा धंदा शिकून घेतला. छपाईचा दर काय, कागद उधार कसा मिळतो, पुस्तक विक्रेते किती टक्के सूट मागतात, ही माहिती तिने दुकानांतून सहज चौकशी करतो आहोत असे दाखवून गोळा केली. 'डेमन्स' ही कादंबरी पतिपत्नींनी स्वतःच छापली. साडेतीन हजार प्रती, किंमत साडेतीन रुबल. 22 जानेवारी 1873 रोजी वर्तमानपत्रात जाहिरात आली आणि सकाळपासून घराची घंटा वाजू लागली. रात्रभर लिहून झोपलेला लेखक उठेपर्यंत तिने विक्रेत्यांशी सुटीच्या टक्क्यांवरून घासाघीस करून 115 प्रती विकलेल्या होत्या. वर्षअखेरीस तीन हजार प्रती खपल्या. पुढे 'द इडियट' निघाली, मग इतर पुस्तके. पतीच्या मृत्यूच्या सुमारे वर्षभर आधी कर्ज फिटले. 'ब्रदर्स कारामाझोव्ह' त्याने तिलाच अर्पण केली. ती एवढ्या निवांतपणे लिहिता आली याचे बरेचसे श्रेय या हिशेबाच्या वह्यांना आहे, असे मी मानते. टॉल्स्टॉयची पत्नी सोफिया हिने पतीची पुस्तके स्वतः छापायचे ठरवले, तेव्हा तीही सल्ल्यासाठी अन्नाकडेच आली.

1881 मध्ये तो गेला तेव्हा अन्ना चौतीस वर्षांची होती. तिने पुन्हा लग्न केले नाही. त्याच्या समग्र लेखनाच्या आवृत्त्या काढल्या, स्ताराया रुसा या गावी त्याच्या नावाने शाळा उभी केली, त्याच्याशी संबंधित सारे कागद जमवून मॉस्कोच्या ऐतिहासिक संग्रहालयात ठेवले आणि 1906 मध्ये त्यांची हजारो नोंदींची सूची प्रसिद्ध केली. 1918 साली याल्टा येथे ती वारली.

आता तुमच्या घरातले. सूनबाई तुझी पाने उतरवताना एखादे वाक्य बदलावे असे सुचवत असेल, तर ते कोणी सुचवले याची खूण खर्ड्यावर ठेवत जा. तिचे रात्रीचे दोन तास जात असतील, तर सकाळचा स्वयंपाक तू उरकत जा. तुला उत्तम येतो, मी शिकवला आहे. आणि प्रकाशकाचा करार येईल तेव्हा त्यावर सही करण्यापूर्वी तो तिला संपूर्ण वाचायला दे. आकडेमोडीत ती तुझ्यापेक्षा हुशार आहे.

बाबांची तब्येत ठीक आहे. तिला आमचे आशीर्वाद सांग.

तुझी,
आई